शेंडेनक्षत्रावरचे पाणी: एका अंतराळ-खेळाच्या नियमबदलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्याच्या माडीवर चौघांचा एक गट दर रविवारी जमत असे आणि मराठीत खेळता येईल असा अंतराळ वसाहतींचा एक डावपेचांचा खेळ रचत असे. गटात एक संगणक अभियंता होता, त्याच कारखान्याचे हिशेब सांभाळणारा मालकाचा मुलगा होता, चादरी आणि भिंतीवरच्या पटांसाठी जॅकार्डची नक्षी काढणारा एक नक्षीकार होता आणि भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी होती. मी काही वर्षे हाच विषय शिकवत आलो असल्यामुळे त्यांनी मला सल्लागार म्हणून बोलावले. या लेखात कोणाचेही नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत. डावांचे आकडे मात्र हिशेबनिसाच्या वहीत नोंदवले गेले तसेच दिले आहेत.

खेळ पटावर सोंगट्यांनी आणि पत्त्यांसारख्या पानांनी खेळायचा होता. संगणकावरची आवृत्ती नंतर करायची, कारण पटावरचा नियम खोडरबराने बदलता येतो, हे अभियंत्याचेच म्हणणे होते. चार खेळाडूंच्या वसाहती चंद्र, मंगळ, सेरेस हा बटुग्रह आणि गुरूचा उपग्रह कॅलिस्टो येथे असत. एक पाळी म्हणजे सहा महिने, आणि वीस पाळ्यांनंतर ज्याच्या वसाहतीची लोकसंख्या सर्वांत मोठी तो जिंकला. धातू लघुग्रहांवरून मिळत आणि बर्फ थोड्या प्रमाणात चंद्राच्या ध्रुवांवरून व मुख्यतः धूमकेतूंवरून मिळे.

बर्फाला एवढे महत्त्व का, हे खेळातल्या एका नियमावरून कळेल. पाण्याचे विघटन केले तर वजनाने नऊ भागांतून एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन मिळतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणारी रॉकेट इंजिने मात्र साधारणपणे एका भागाला साडेपाच ते सहा भाग एवढाच ऑक्सिजन वापरतात, म्हणजे उरलेला श्वासासाठी शिल्लक राहतो. म्हणून बर्फाचे नऊ ठोकळे दिले की सात ठोकळे इंधन आणि दोन ठोकळे प्राणवायू, असा विनिमय विद्यार्थिनीने पहिल्याच महिन्यात ठरवला आणि तो शेवटपर्यंत बदलावा लागला नाही. या प्रकरणात बहुधा तेवढा एकच नियम पहिल्या प्रयत्नात बरोबर आला.

अडचण

मूळ नियमात धूमकेतू मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या एका ठरावीक घरात बसलेला असे. जो आधी पोहोचेल त्याची खाण, आणि ती खाण खेळ संपेपर्यंत दर पाळीला बर्फाचे सहा ठोकळे देई. पहिल्या अकरा चाचणी डावांपैकी नऊ डाव धूमकेतूवर सर्वांत आधी उतरलेल्या खेळाडूने जिंकले. त्याच्या बर्फातून इंधन होई, इंधनातून जास्त याने उडत, यानांतून जास्त धातू येई आणि आठव्या-नवव्या पाळीपर्यंत बाकीच्या तिघांना आपण उगाच बसलो आहोत हे कळून चुके. पैशाकडे पैसा जातो तसा बर्फाकडे बर्फ जात होता.

हे असंतुलन आकड्यांत दिसण्याआधी खेळणाऱ्यांच्या वागण्यात दिसले होते, पण आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. सहाव्या डावापासून सगळेच खेळाडू पहिल्या चालीत तेच एक यान तीच एक वाट धरून पाठवू लागले होते. ज्या खेळात चौघांचीही पहिली चाल सारखीच असते, तिथे चौघेही काही ठरवत नसतात, एवढेच त्यावरून समजायला हवे होते. त्याऐवजी आम्ही "खेळाडू आता तरबेज होत आहेत" अशी आपली समजूत घालून घेतली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मी सुचवला आणि तो चुकीचा होता, हे आधीच सांगतो. उत्पन्न कमी करावे, असे माझे म्हणणे होते. सहाचे चार केले, मग तीन, मग दोन. चार आणि तीनला तोच खेळाडू जिंकत राहिला, फक्त दोन-तीन पाळ्या उशिराने. दोनला धूमकेतूकडे कोणी फिरकेच ना, कारण चंद्राच्या ध्रुवावरची खाण स्वस्तात तेवढेच देत होती. यात तीन रविवार गेले. आपण खाणीचा वेग बदलत होतो आणि बिघाड वेगात नव्हताच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुसरा पर्याय हिशेबनिसाचा होता आणि तो मालकीविषयी होता. धूमकेतू पहिल्याचा का, हा त्याचा साधा प्रश्न होता. प्रत्यक्षातली स्थितीही पाहण्यासारखी आहे. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. मात्र तिथून काढलेल्या मालाचे काय, याबद्दल करार स्पष्ट बोलत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत अमेरिकेने 2015 मध्ये व लक्झेंबर्गने 2017 मध्ये आपापले कायदे करून काढलेल्या संसाधनांवर कंपन्यांचा हक्क मान्य केला. चंद्र आणि इतर पिंडांवरील संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा मानणारा 1979 चा करारही आहे. भारताने त्यावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. हे सगळे पटावर आणून धूमकेतूचे उत्पन्न खेळाडूंनी वाटाघाटी करून वाटून घ्यावे, असा नियम दोन डाव खेळून पाहिला. पहिल्या डावात वाटाघाटी पाऊण तास चालल्या, दुसऱ्यात दोघे खेळाडू खरोखर भांडले. नियम सोडून दिला, पण त्यातला अर्धा आम्ही राखून ठेवला: पिंडावर कोणाचीच मालकी नाही, उपसलेल्या मालावर मात्र उपसणाऱ्याची. त्यामुळे एकाच धूमकेतूवर दोघांना उतरता येऊ लागले.

फासे टाकून धूमकेतू अधूनमधून फुटावा, ही अभियंत्याची सूचना होती. धूमकेतू फुटतात हे खरे आहे. शूमेकर-लेव्ही 9 हा धूमकेतू तुकडे होऊन जुलै 1994 मध्ये गुरूवर आदळला होता. परंतु फाशाने हरलेला माणूस पुढच्या वेळी वेगळे काय करावे हे शिकत नाही, म्हणून ती सूचना मागे पडली.

चौथा पर्याय विद्यार्थिनीने मांडला तो एका बोलण्यातून. बर्फाचे ठोकळे किती करावेत यावर वाद चालला असताना ती हिशेबनिसाला म्हणाली, "दादा, आपल्याकडे पाणी किती आहे असं कोण विचारतं? पाणी कधी येणार, असंच विचारतात ना?" सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही. पाण्याच्या दिवशी घरातले हंडे, पिंपे, टाक्या भरून ठेवायच्या आणि मधल्या दिवसांत त्यावर भागवायचे. तिचे म्हणणे असे की धूमकेतूला आपण विहिरीसारखा एका जागी बसवला आहे. तो येतो आणि जातो, ही त्याची मूळ गोष्टच आपण खेळातून काढून टाकली आहे.

निर्णय पहिला: धूमकेतू चालता करणे

नमुना म्हणून 67पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेंको हा धूमकेतू घेतला, कारण युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाने 6 ऑगस्ट 2014 ते 30 सप्टेंबर 2016 या काळात त्याच्या सोबत राहून जेवढी माहिती दिली तेवढी दुसऱ्या कोणत्याही धूमकेतूची नाही. तो सुमारे 6.45 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. सूर्य-पृथ्वी अंतराला एक एकक मानले तर तो सर्वांत जवळ असताना 1.24 एककांवर आणि सर्वांत दूर असताना 5.68 एककांवर, म्हणजे गुरूच्या कक्षेच्याही थोडा पलीकडे असतो.

सहा महिन्यांची एक पाळी धरली तर एका फेरीची तेरा घरे होतात. विद्यार्थिनीने कक्षेतली वस्तू केव्हा कुठे असेल हे सांगणारे केप्लरचे समीकरण सोडवून प्रत्येक घराचे सूर्यापासूनचे अंतर काढले. एक घर 1.24 वर, दोन घरे सुमारे 2.3 वर, दोन सुमारे 3.6 वर, आणि उरलेली तब्बल आठ घरे सुमारे साडेचार एककांवर किंवा त्यापलीकडे. ही कागदी पट्टी टेबलावर ठेवली तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. धूमकेतू जवळ आल्यावर धावतो आणि दूर गेल्यावर रेंगाळतो हे आम्हा सर्वांना माहीत होते, पण तेरापैकी आठ घरे त्या रेंगाळण्यात जातात हे सोंगटी घरोघर सरकवून पाहिल्यावरच पटले.

निर्णय दुसरा: खर्च अंतराचा की वेगाचा

येथे गट दोन बाजूंना झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. खेळाडूला सहज समजावे म्हणून अभियंत्याला इंधनाचा खर्च अंतरावर ठेवायचा होता: धूमकेतू जवळ असेल तेव्हा स्वस्त, दूर असेल तेव्हा महाग. विद्यार्थिनीचा आक्षेप असा की हे सोपे आहे, पण उलटे आहे. धूमकेतूवर उतरायचे तर त्याच्याजवळ पोहोचून भागत नाही, त्याच्या वेगाशी आपला वेग जुळवावा लागतो. 67पी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना सेकंदाला सुमारे 34 किलोमीटर वेगाने जातो, आणि त्या अंतरावर वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सुमारे 27 असतो. सर्वांत दूर असताना तोच धूमकेतू सेकंदाला साडेसात किलोमीटरवर आलेला असतो. धावत्या एसटीत चढायचे तर ती स्थानकातून सुटताना चढावे, हमरस्त्याला लागल्यावर नव्हे. रोझेटानेही तेच केले. 2 मार्च 2004 रोजी निघून, वेग वाढवायला पृथ्वीच्या गुरुत्वाची तीनदा आणि मंगळाच्या गुरुत्वाची एकदा मदत घेत दहा वर्षांनी ते धूमकेतूला भेटले तेव्हा धूमकेतू सूर्यापासून सुमारे 3.6 एककांवर होता, आणि मग यान त्याच्याबरोबरच आत आले.

यावरून हॅलेचाही प्रश्न सुटला. सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून हॅलेचा धूमकेतू खेळात हवाच, असा नक्षीकाराचा आग्रह होता. परंतु हॅले ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे 1986 च्या मार्चमध्ये जोत्तो हे यान त्याच्या गाभ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवरून गेले तेव्हा दोघांचा सापेक्ष वेग सेकंदाला 68 किलोमीटर होता. त्याच्याशी वेग जुळवण्याची भाषाच नको. हॅलेचे पान खेळात राहिले, पण पाहून गुण मिळवण्यापुरते.

अखेर खर्च वेगाच्या फरकावर ठरला. दूरच्या घरांत उतरणे इंधनाने स्वस्त पण पाळ्यांनी महाग, जवळच्या घरांत इंधनाने फार महाग. अभियंत्याने हा निर्णय मान्य केला तो नाखुशीनेच. नव्या माणसाला हा नियम पहिल्या डावात कळणार नाही, ही त्याची भीती खरी ठरली, हे पुढे येईल.

निर्णय तिसरा: उपसा केव्हा

उत्पन्नाचा प्रश्न यानंतर वेगळ्या रूपात पुढे आला. धूमकेतूत बर्फ आहे, म्हणून तो काढता येतो असे नाही. हिशेबनिसाने येथे उजनीचा दाखला दिला. भीमेवरच्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) सांगितली जाते, पण त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, मृत साठा आहे, म्हणजे धरणात असूनही सहज सोडता न येणारे तळाचे पाणी. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" असे म्हणतात, आणि तळाशी पाणी दिसत असते तरीही म्हणतात. त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक धूमकेतूच्या पानावर साठ्याचे दोन आकडे आले: असलेला आणि हाती येणारा.

हाती येणारा आकडा घरागणिक बदलतो. दूरच्या घरांत ऊन क्षीण असते. गुरूच्या अंतरावर ते पृथ्वीवरच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाइतके उरते. रोझेटाला सौर पंखांवर भागत नसल्याने 2011 च्या जूनपासून 20 जानेवारी 2014 पर्यंत झोपवून ठेवावे लागले होते. म्हणून साडेचार एककांवर आणि त्यापलीकडे उपसा शून्य, पण तळ टिकवण्याचा खर्च चालू. 3.6 वर एक ठोकळा, 2.3 वर चार, आणि सर्वांत जवळच्या घरात आठ. मात्र त्या आठमध्ये धोका आहे, कारण उन्हाने बर्फाची वाफ होऊन फवारे उडतात आणि त्यांच्याबरोबर धूळ उसळते. 2015 मध्ये या धुळीने रोझेटाच्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची फसगत झाली आणि यानाला शेकडो किलोमीटर मागे हटावे लागले होते. खेळात जवळच्या घरात तळ ठेवणाऱ्याला माल मिळतो, पण पुढच्या पाळीत त्याची यंत्रे मोडतात. म्हणजे आठ ठोकळे घ्यायचे की चार घेऊन यंत्रे वाचवायची, हे त्याने आधीच्या पाळीतच ठरवायचे.

उतरण्याचा धोका वेगळा. 67पीवरून सेकंदाला एक मीटर वेगाने उडी मारली तरी माणूस परत खाली यायचा नाही, इतके त्याचे गुरुत्व दुबळे आहे. 12 नोव्हेंबर 2014 रोजी रोझेटाने सोडलेला फिले हा अवतरक तिथे टेकला, पण जमिनीत रुतून त्याला धरून ठेवणारे भाले सुटलेच नाहीत. तो उसळला, जवळजवळ दोन तास अधांतरी राहिला आणि शेवटी एका कपारीच्या सावलीत जाऊन पडला. म्हणून खेळात आधी "खुंटी" हे पान लागते. खुंटीशिवाय उतरणाऱ्याचे यान दोन घरे भटकते.

मूळ पानांवर धूमकेतूतून प्लॅटिनमही मिळत असे. ते काढून टाकले, कारण धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि कार्बनी द्रव्यांचा सच्छिद्र गोळा आहे (67पीची सरासरी घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास आहे) आणि धातूसाठी तिथे जाण्यात काही अर्थ नाही. नक्षीकाराने धूमकेतू पांढरेशुभ्र काढले होते, तेही बदलावे लागले. प्रत्यक्षात ते कोळशासारखे काळे असतात आणि अंगावर पडलेल्या उजेडातला शंभरातले चार-सहा भागच परत पाठवतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी याला शेंडेनक्षत्र म्हटले ते शेंडा पाहून. खालचा काळा गोळा त्यांना दिसणे शक्यच नव्हते.

चाचणी आणि तिच्यातला अनपेक्षित डाव

नव्या नियमांनी खेळ वीसऐवजी सव्वीस पाळ्यांचा, म्हणजे दोन फेऱ्यांचा झाला. पहिल्या दोन डावांना तीन तासांहून अधिक वेळ लागला आणि आठ दूरच्या घरांच्या काळात खेळाडू कंटाळले. अभियंत्याने त्यांतली चार घरे गाळण्याचा प्रस्ताव ठेवला. विद्यार्थिनीने नकार दिला, कारण थांबणे हाच तर खेळ आहे. मग तोडगा निघाला तो हिशेबनिसाकडून: बर्फाला टाकी लागेल, टाकीला धातू लागेल आणि धातू लघुग्रहांवरून आणावा लागेल. त्यामुळे दूरच्या आठ घरांचा काळ टाक्या बांधण्याचा झाला. शिवाय त्याने बाजारभावही आणला. एका पाळीत बर्फाचे दोन ठोकळे विकले गेले की भाव एकाने उतरतो, आणि ज्या पाळीत विक्री होत नाही तिच्यात एकाने चढतो.

या नियमांच्या चौथ्या डावाला हिशेबनिसाचे एक नातेवाईक बसले. आयुष्यभर कापडाच्या व्यापारात मुरलेले हे गृहस्थ, अंतराळाशी त्यांचा संबंध नाही. ते धूमकेतूकडे गेलेच नाहीत. पहिल्या आठ पाळ्यांत त्यांनी फक्त टाक्या बांधल्या. धूमकेतू जवळ आला, दोघांनी उपसा केला, टाक्या अपुऱ्या म्हणून दोघांनाही माल विकावा लागला आणि भाव कोसळला. त्या कोसळलेल्या भावाने सगळा बर्फ यांनी घेतला, आणि पुढच्या आठ कोरड्या पाळ्यांत तोच बर्फ तिप्पट भावाने त्याच दोघांना विकला. डाव त्यांनी मोठ्या फरकाने जिंकला.

यावर गटात जो वाद झाला तो माझ्या आठवणीत सर्वांत चांगला वाद आहे. अभियंत्याच्या मते हा नियमांतला भगदाड होता: धूमकेतूंच्या खेळात धूमकेतूवर न जाणारा जिंकतोच कसा. विद्यार्थिनीच्या मते हा नियम बरोबर चालल्याचा पुरावा होता. नक्षीकार म्हणाला, कडक उन्हाळ्यात सोलापुरात कोण कमावतो ते बघा, धरण ज्याच्याकडे आहे तो की टँकर ज्याच्याकडे आहे तो. मला स्वतःला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि सल्लागार म्हणून हे काही फार उपयोगाचे नव्हते.

टाक्यांवर कर लावावा, साठ्याला मर्यादा घालावी, दर पाळीला थोडा बर्फ उडून जावा, असे तीन उपाय सुचले. शेवटी यांतले एकही न घेता फक्त एक गोष्ट केली: आतापर्यंत खेळाडूच्या पडद्यामागे असलेल्या टाक्या पटावर सर्वांना दिसतील अशा ठेवायच्या. कोण टाक्या बांधतो आहे हे दिसू लागताच बाकीचेही बांधू लागले किंवा माल दाबून धरू लागले, आणि केवळ साठ्यावर जिंकणे कठीण झाले, पण अशक्य झाले नाही.

परिणाम

नियम स्थिरावल्यानंतर वहीत चौदा डावांची नोंद आहे. त्यांत धूमकेतूवर सर्वांत आधी उतरलेला खेळाडू सहा वेळा जिंकला, मागून उतरलेला पाच वेळा आणि मुळीच न उतरलेला तीन वेळा. चौदा ही संख्या लहान आहे आणि खेळणारेही बहुतेक तेच ते होते, तेव्हा यावरून संतुलन साधले असे मी म्हणणार नाही. पहिल्या चाली मात्र चौघांच्या चार तऱ्हांच्या होऊ लागल्या, आणि हे मला त्या आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

अभियंत्याची भीती खरी ठरली ती अशी. पहिल्यांदा खेळणारे बहुतेक जण धूमकेतू जवळ येण्याची वाट पाहत बसतात आणि तो आल्यावर यान पाठवायला जातात, तेव्हा इंधन पुरत नाही. एका शाळकरी मुलाने चिडून विचारले, "एवढा जवळ आहे, तरी का नाही जमत?" नियमपुस्तकात त्याचे उत्तर आहे, पण नियमपुस्तक डाव हरल्यावर वाचले जाते. आता पहिल्या डावासाठी एक यान आधीच दूरच्या घरात उतरलेले असते, आणि नवख्याने फक्त उपसा केव्हा थांबवायचा तेवढे ठरवायचे असते. डाव दोन तासांच्या आत संपतो.

काय वेगळे करता आले असते

माझ्या सूचनेवर घालवलेले तीन रविवार वाचले असते. उत्पन्नाचा आकडा बदलण्याआधी मी खेळाडूंना "तुम्ही पहिली चाल का केली" एवढे विचारले असते, तर चौघांकडून एकच उत्तर मिळाले असते आणि बिघाड कुठे आहे ते तिथेच दिसले असते. वाटाघाटींचा नियम मात्र दोन डावांत सोडायला नको होता. धूमकेतू चालता झाल्यावर, वेळेचे बंधन आल्यावर, तो कदाचित चालला असता. तो पुन्हा तपासण्याची आठवण कोणाला राहिली नाही.

रोझेटाच्या बाबतीत विद्यार्थिनीने सांगितलेली एक गोष्ट आम्ही खेळात आणायला हवी होती आणि आणली नाही. ते यान मुळात वेगळ्याच धूमकेतूकडे, 46पी/विर्टानेनकडे, जानेवारी 2003 मध्ये निघायचे होते. डिसेंबर 2002 मध्ये, रोझेटाला नेणार होते त्याच एरियान 5 जातीच्या रॉकेटचे एक उड्डाण फसले, रोझेटाचे उड्डाण लांबले, विर्टानेनला गाठण्याची वेळ टळली आणि नवा धूमकेतू शोधावा लागला. अवतरकाचे पाय छोट्या विर्टानेनसाठी बेतलेले होते, ते अधिक जड 67पीसाठी पुन्हा तपासून सुधारून घ्यावे लागले. वेळ चुकलेल्या खेळाडूला दुसऱ्या धूमकेतूकडे वळण्याची अशी सोय आमच्या खेळात नाही. ज्याची वेळ टळली तो सहा वर्षे, म्हणजे अर्धा डाव, नुसता पाहत राहतो. एन्केसारखा 3.3 वर्षांत फेरी करणारा धूमकेतू दुसऱ्या पट्टीवर ठेवला असता तर ही अडचण बरीच कमी झाली असती. दोन पट्ट्या नव्या खेळाडूला झेपतील का, यावर गटात अजून एकमत नाही.

आणि एक चूक निव्वळ घाईची. नक्षीकाराने उत्साहाने खेळाचा पट सुती कापडात जॅकार्डवर विणून घेतला, तोही धूमकेतूच्या पट्टीसकट, आणि तेव्हा अभियंत्याने 6.45 वर्षांची सरळ सहा करून बारा घरे दिली होती. विद्यार्थिनीचे गणित पुढच्या रविवारी आले. कागदावरचे बाराचे तेरा करायला एक मिनिट लागते. विणलेल्या कापडात तेरावे घर घालता येत नाही. त्या पटाचे सहा नग कारखान्याच्या माडीवर अजून आहेत, आणि खेळताना सोंगट्या घसरू नयेत म्हणून ते उलटे करून टेबलावर अंथरतात.